पाणी सोडल्यानंतर

आपल्या भाषेचा पाण्यावर भारी विश्वास. एखाद्या गोष्टीची आशा सोडायची झाली, की आपण तिच्यावर पाणी सोडतो. दान करायचे झाले, की हातावरून उदक सोडतो. उसने दिलेले पैसे परत येण्याचे लक्षण दिसेना, की ते पाण्यात गेले असे म्हणतो. आणि बँकांसारख्या रुक्ष संस्थांनीही अशा पैशांसाठी ‘बुडीत’ हेच नाव पत्करले आहे. एकदा बुडाले, की विषय मिटला. पाण्याखाली गेलेल्या वस्तूची पुन्हा चौकशी करायची नसते, असा जणू आपला नि पाण्याचा करारच झालेला आहे.

हा करार पाण्याला मात्र मान्य नसावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ह्याला कारण आमच्या घराजवळचे तळे. तळे मोठे नाही, खोलही नाही. उन्हाळ्यात मधोमध उभे राहिले तर उंच माणसाच्या छातीपर्यंत पाणी येईल. काठाने फरशी बसवली आहे, बाकडी आहेत, संध्याकाळी रंगीत दिव्यांचे कारंजे उडते. एका कोपऱ्यात गटार येऊन मिळते, आणि तिथूनच जलपर्णीने आपला संसार थाटायला सुरुवात केली आहे. वैशाखातल्या सकाळी वारा पडलेला असला, की पाण्यावर बुडबुडे दिसू लागतात. एक इथे, दोन तिथे, मग एकदम मूठभर. जणू तळाशी कोणी भाताचे आधण ठेवले आहे. पाऊस तोंडावर आला आणि हवेचा दाब उतरला, म्हणजे तर हे बुडबुडे आणखी वाढतात. फिरायला येणारी मंडळी म्हणतात, मासे आहेत. पण मासे नव्हेत ते. आपण ज्या ज्या गोष्टींवर पाणी सोडले, त्यांचा खाली हिशेब चालू आहे, आणि त्या हिशेबाची ही वरवर येणारी बाकी आहे.

असेच बुडबुडे पाहून सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी इटलीतला एक तरुण थबकला होता. १७७६ सालचा नोव्हेंबर महिना. स्थळ मॅजोरे सरोवराच्या काठचे अँजेरा हे गाव. तरुणाचे नाव अलेस्सान्द्रो व्होल्टा, वय ३१. विजेचा घट बनवून तो जगप्रसिद्ध झाला, आणि त्याच्या नावावरून आज आपण घरातल्या विजेचे व्होल्ट मोजतो. पण तो घट अजून चोवीस वर्षे दूर होता. कांपी नावाच्या त्याच्या एका धर्मगुरू मित्राने एका झऱ्याजवळ जळणारी हवा पाहिल्याचे त्याला सांगितले होते. तेव्हापासून व्होल्टाच्या डोक्यात तेच घोळत होते. बोरूच्या बेटांजवळ उथळ पाण्यात त्याने काठीने गाळ ढवळला. बुडबुडे उसळले. पाण्याने भरलेली बाटली पालथी धरून त्याने ते आत घेतले, आणि पुढे तिच्या तोंडाशी ज्योत नेली, तेव्हा ती हवा निळसर ज्योतीने संथपणे जळू लागली. ह्या शोधाची हकीगत त्याने कांपीला पत्रांतून कळवली आणि १७७७ साली ती पत्रे छापून प्रसिद्ध केली. दलदलीतली ही जळणारी हवा म्हणजेच आजचा मिथेन वायू.

व्होल्टा नुसता विद्वान नव्हता, हौशीही होता. त्याने काचेचे एक ‘पिस्तूल’ तयार केले. त्यात जळणारी हवा आणि साधी हवा भरायची, बूच घट्ट लावायचे आणि आत विजेची ठिणगी पाडायची. धडाम आवाज होऊन बूच दूर उडे. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवणाऱ्या आपल्या मुलांना हा शास्त्रज्ञ फार आवडला असता. आता कोणी म्हणेल, मग कोकणातली वेताळाची पालखीही ह्याच वायूची असणार. पण मिथेन आपला आपण पेटत नाही, त्याला ठिणगी द्यावी लागते. तेव्हा वेताळाचे खाते मी इतक्यात बंद करीत नाही.

गाळात सडणाऱ्या पालापाचोळ्यातून हा वायू येतो, इथपर्यंत व्होल्टाने जाणले होते. पण सडणे म्हणजे तरी काय? पान आपण होऊन वायू होत नाही. त्यामागे सूक्ष्मजंतूंचे हात आहेत, हे उघड व्हायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्या जंतूंचा कारभार आपल्या लग्नघरच्या पंगतींसारखा आहे.

पाण्यात पडलेले पान, मेलेले शेवाळ, माशाचे हाड, गटारातून आलेले अन्न हे सारे हळूहळू तळाशी जाते. तिथे पहिली पंगत बसते ती प्राणवायू घेणाऱ्या जंतूंची. ही मानकरी मंडळी. ती भरपेट जेवतात आणि अन्नाचा कार्बन डायऑक्साइड करून मोकळी होतात. पण पाण्यातला प्राणवायू गाळात फार खोल जात नाही. तळे चांगले गाळाने भरलेले असले तर अवघे काही मिलिमीटर! त्याखाली पुढच्या पंगती. कोणी नायट्रेटवर भागवतो, कोणी लोखंडाच्या गंजावर, कोणी सल्फेटवर. तळ्यांतून अनेकदा जो कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो ह्या सल्फेटवाल्यांचा. बिचाऱ्या मिथेनला स्वतःला वासच नाही. ह्या सगळ्यांचे उरकल्यावर, सर्वांत खाली, काळोखात, शेवटची पंगत बसते. तिच्यासाठी पानात काय उरले असते? आंबवणाऱ्या जंतूंनी मोठ्या पदार्थांची चिरफाड करून मागे टाकलेला थोडा हायड्रोजन, थोडा कार्बन डायऑक्साइड आणि व्हिनेगारमध्ये असते ते आम्ल. बाकी काही नाही. ह्या शिळ्यापाक्यावर शेवटच्या पंगतीतले जंतू आपला चरितार्थ चालवतात. कोणी हायड्रोजनची कार्बन डायऑक्साइडशी गाठ घालून देतात, कोणी आम्लाचे दोन तुकडे करतात, आणि दोन्हींकडून मिथेन बाहेर पडतो. ह्या उद्योगात त्यांना मिळणारी शक्ती अगदी तुटपुंजी असते. पण तक्रार नाही.

समुद्राच्या तळाशीही गाळ आहे, मग तिथून इतका मिथेन का येत नाही? कारण समुद्राच्या खारट पाण्यात सल्फेटची चंगळ आहे. तिथे सल्फेटवाल्यांची पंगत उठतच नाही, मग शेवटच्या पंगतीला पाने कोण मांडणार? गोड्या पाण्याच्या तळ्यात सल्फेट थोडे, म्हणून तिथे ह्या मंडळींचे राज्य.

ही मंडळी आहेत तरी कोण? त्यांना बराच काळ साध्या बॅक्टेरियांतच मोजत. १९७७ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स ह्या दोघांनी त्यांच्या पेशींतल्या रेणूंची वंशावळ तपासली आणि सांगितले, की हे बॅक्टेरिया नव्हेतच. जीवसृष्टीच्या वृक्षाची ही एक स्वतंत्र थोरली फांदी आहे. त्या फांदीला आज आर्किया म्हणतात. घराणे अतिप्राचीन. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. हे घराणे त्याच्याही आधीचे. प्राणवायू ह्यांना विषासारखा. तो आला, आणि एकेकाळचे हे सरदार घराणे अक्षरशः गाळात गेले! तिथेच ते आजवर टिकून आहे. तळ्यांत, दलदलींत, कोकणातल्या पाणी तुंबवलेल्या भातखाचरांत, आणि गाईच्या पोटातसुद्धा. गाय रवंथ करताना ढेकर देते, तिच्यातूनही ह्याच घराण्यातल्यांनी केलेला मिथेन बाहेर पडतो. आपल्या लोणारचे पाणी इतके खारे आणि क्षारयुक्त, की साध्या जिवाने तिकडे फिरकू नये. पण उल्का पडून झालेल्या त्या विवराच्या गाळातूनही मिथेन करणारे जंतू पुण्याच्या संशोधकांनी वाढवून दाखवले आणि २००७ साली त्यांची ओळख प्रसिद्ध केली.

इथवरची कथा निसर्गाच्या काटकसरीची आहे. पण तिला दुसरी बाजू आहे, आणि तीच माझ्या मनाला लागून राहिली आहे. तळाशी तयार झालेला मिथेन सगळा वर येत नाही. वाटेत त्याला पहारेकरी गाठतात. मिथेन खाऊनच जगणारे जंतू असतात, हे १९०६ साली नेदरलँड्समधील सोंगेन ह्या शास्त्रज्ञाने दाखवले. गाळाच्या वरच्या थरात आणि त्यावरच्या पाण्यात, जिथे खालून मिथेन येतो आणि वरून प्राणवायू पोचतो, नेमक्या त्या सीमेवर ह्यांची चौकी असते. खोल, निरोगी तळ्यात मिथेनचा फार मोठा हिस्सा ते तिथेच फस्त करतात. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही आपली म्हण त्यांच्याइतकी शब्दशः दुसऱ्या कोणाला लागू पडत नसेल.

मात्र ह्या पहारेकऱ्यांना प्राणवायू लागतो. तळ्यात मैला आला, खतांचे पाणी आले, की शेवाळ आणि जलपर्णी माजतात. त्या मरतात, तळाशी जातात, आणि त्यांच्यावर पहिली पंगत तुटून पडून पाण्यातला होता नव्हता तेवढा प्राणवायू संपवून टाकते. मग खाली शेवटच्या पंगतीला पंचपक्वान्ने, आणि वर पहारेकरी गुदमरलेले. तळे उथळ असले तर बुडबुडे चौकी चुकवून सरळ वर सटकतात. शिवाय उष्णता वाढेल तसे गाळातले काम झपाट्याने वाढते. म्हणजे चोराला जेवू घालायचे, राखणदाराला उपाशी ठेवायचे, आणि वर चोराच्या अंगात बळ यावे म्हणून शेगडीही पेटवून द्यायची, असा हा आपला गृहस्थधर्म झाला.

आता ही गोष्ट आमच्या घरात येते. माझी आई ८४ वर्षांची आहे. दर गुरुवारी निर्माल्याची कापडी पिशवी तळ्यात रिकामी करणे हा तिचा नेम. काठावर निर्माल्यकलश ठेवलेला आहे, पण त्यावर तिचा विश्वास नाही. ‘त्या पिंपात लोक काय काय टाकतात ते डोळ्यांनी पाहिलंय मी,’ असे ती म्हणते, आणि त्यात तथ्य आहे. मागच्या श्रावणात पत्री आणि फुलांनी पिशवी फुगली होती. तेव्हा एका दुपारी मी तिला ह्या पंगतींची सारी हकीगत सांगितली. ती वाती वळत ऐकत होती.

‘म्हणजे मी फुलं सोडते, ती त्या किड्यांच्या जेवणाला?’

‘किडे नव्हेत ग. फार बारीक असतात ते.’

‘बारीक असोत, मोठे असोत. खातात ना?’

‘खातात.’

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटले, दुखावली. देवाच्या मस्तकावरचे फूल कोणाच्या तोंडी जाते हे सांगण्याची खरोखर काही गरज होती का, असेही मनात आले. मग तिने वातींचा डबा बंद केला आणि म्हणाली, ‘निर्माल्य ओलांडू नये, पायदळी येऊ नये, एवढाच नियम. तळ्यातच टाका असं कुठल्या पोथीत लिहिलंय? माहेरी विहिरीत फूल टाकलं असतं तर आजोबांनी पाठ सोलून काढली असती. पारिजातकाच्या बुंध्याशी घालायचो आम्ही. इथं आल्यावर झाड राहिलं नाही. तळं होतं, म्हणून तळ्यात.’

मी थक्क झालो. ज्याला मी पिढ्यान्‌पिढ्यांची रूढी समजत होतो, ती शहरात जागा मिळेना म्हणून केलेली तडजोड होती! रूढीला माझ्यापेक्षा ती अधिक जवळून ओळखत होती, आणि म्हणूनच तिला बदलायला घाबरत नव्हती. आता आमच्या गॅलरीत मोठ्या कुंड्या आहेत. निर्माल्य मातीत मिसळते, आणि आई जुन्या उलथण्याने ती माती रोज वरखाली करते. मी तिला सांगितले ते इतकेच, की हवा खेळती राहिली पाहिजे. मातीत हवा असली, की पहिलीच पंगत सारे संपवते. शेवटच्या पंगतीची वेळच येत नाही. चिलटे होतात, ही पत्नीची तक्रार रास्त आहे. तिच्यावर पाणी सोडणे मला शक्य नाही. सध्या वर सुकी माती आणि पाचोळा पसरून तह झाला आहे.

आमच्या घरची एक पिशवी तळ्यात गेली नाही म्हणून तळे सुधारले, असे समजण्याइतका मी भाबडा नाही. गटार येतेच आहे. त्याबद्दल आम्ही काही रहिवाशांनी अर्ज केले. गाळ काढण्याचा विचार चालू आहे असे उत्तर आले. गाळ काढणे चांगलेच. पण गटार तसेच ठेवून गाळ काढणे म्हणजे नळ उघडा ठेवून मोरी पुसणे. आता चौथा अर्ज गटाराबद्दलच आहे. आश्चर्य म्हणजे त्यावर आईने आपण होऊन सही केली.

ह्या वायूला शत्रूच समजायला हवे असे मात्र नाही. जो तळ्यातून मोकाट सुटला तर घात करतो, तोच टाकीत कोंडला तर चूल पेटवतो. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्याच्या टाक्यांवर वायू धरण्याची सोय केली होती, आणि त्या वायूवर इंजिन चालवले जाई. ज्या माणसांवर समाजाने पाणी सोडले होते, त्यांच्या वस्तीत, ज्या वस्तूकडे कोणी पाहणार नाही तिच्यातून शक्ती निघाली! पुढे गोबरगॅस खेडोपाडी पोचला. पुण्याच्या ‘आरती’ ह्या संस्थेने तर शहरातल्या घरात मावेल आणि खरकट्यावर चालेल अशी टाकी तयार केली. तिला २००६ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ह्या टाक्यांतले कारागीर तेच, तळ्याच्या गाळातले. फरक एवढाच, की इथे त्यांच्या कामावर झाकण आहे.

झाकण का हवे ते आकड्यांत सांगता येते. औद्योगिक युगाच्या आधी हवेच्या दर अब्ज भागांत मिथेनचे सुमारे ७०० भाग होते. आज १,९०० च्या वर आहेत. त्यात खाणी, तेलविहिरी, गुरे, भातशेती, कचऱ्याचे ढीग ह्या सर्वांचा वाटा आहे. आणि नद्या, तळी, दलदली, भातखाचरे, खाड्या असे सारे पाणी एकत्र धरले तर जगातल्या मिथेनपैकी जवळजवळ निम्मा त्यातून येत असावा, असा २०२१ सालचा एक हिशेब आहे. वजनास वजन घेतले तर शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो; वीस वर्षांची मुदत घेतली तर सुमारे ८० पट. सावकारी व्याजाचा दर म्हणतात तो हाच.

पण ह्या सावकारात एक गुण आहे. कार्बन डायऑक्साइडचे ओझे शतकानुशतके डोक्यावर राहते. मिथेन मात्र हवेत सरासरी बारा वर्षे राहतो आणि मग विरघळल्यासारखा संपतो. बारा वर्षे म्हणजे आपले एक तप. आपल्या पूर्वजांनी कोणत्याही कठीण गोष्टीसाठी हीच मुदत ठरवली होती. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत आपण करू त्या संयमाचे फळ नातवंडा-पतवंडांना मिळेल. मिथेनच्या बाबतीत आज झाकण घातले, आज गटार वळवले, तर त्याचा गुण ह्या दिवाळीत जन्मलेले मूल सातवीत जाईपर्यंत दिसू लागेल. इतक्या लवकर फिटणारी कर्जे माणसाच्या वाट्याला फार थोडी येतात.

भाऊबीज आटोपेल, पाहुणे परततील, आणि एका सकाळी घराघरांतून दारावरचे झेंडूचे तोरण उतरवले जाईल. एवढी फुले आपल्याकडे वर्षात फार थोड्या वेळा असतात. ती हातात घेऊन आपण क्षणभर उभे राहतो, कचऱ्यात टाकवत नाहीत. तेव्हा पाण्याकडे जाण्याआधी खाली सोसायटीच्या आवारात एक चक्कर मारा. कुंपणालगत एखादे झाड असतेच. त्याच्या बुंध्याशी वीतभर माती उकरा, फुले मोडून तिच्यात कालवा, वर सुका पाला पसरा. झेंडूचे बी मोठे चिवट असते. मृगाचा पाऊस पडला, की त्यातले एखादे आपणहून वर येईल.